दोन खटके उजवीकडे

आधी रडून घे, ओन्नी. मग पिशवी काढ.
बर्फावरचं सगळं वेच,
नखाएवढी ढलपीसुद्धा, लाल फिल्मची चिंधीसुद्धा.
जी ढलपी टाकून येतो
नेमकी तीच घरी आल्यावर हवी असते.
बॅटरी मात्र आत आणायची नाही.
फुगली असेल तर मध्यरात्री पेट घेते.
ती बाहेर, वाळूच्या डब्यात.

आज गोंदाला हात लावायचा नाही.
आज कॉफी. तुला दूध, राईची भाकरी.
पडल्या दिवशी माणूस रागाने चिकटवतो
आणि रागाने चिकटवलेला पंख तिरका बसतो.
माझ्या भावाचेही बसले. वाइनोचे. दोनदा.

उद्या ये. तुटलेल्या कडा घासू नकोस.
बाल्सा मोडताना दात विचकतो,
त्या दातांत दात बसवून बघ, कोरडेच.
शिवणकारखान्यात एकतीस वर्षं काढली मी:
टाचण्या न लावता जी कात्री चालवते
तिच्या कोटाची एक बाही लांब होते.

पातळ गोंद झटपट, पण आमच्या थंडीत काचेसारखा तडकतो.
मुख्य दांड्याला एपॉक्सी,
दोन्ही नळ्यांतून सारखं,
जुन्या पोस्टकार्डावर कालवून.
बिजागऱ्यांना आधी टूथपिकने व्हॅसलीन लाव,
नाहीतर गोंद तिथेही घुसतो आणि शेपटी हलत नाही.
मग पंख सौनात, खालच्या बाकावर,
आग विझल्यावर, रात्रभर.
वरच्या बाकावर वाइनोने एकदा ठेवला होता,
सकाळी काकडीसारखा वाकलेला निघाला.

फिल्म मी लावते. ते माझं काम.
इस्त्रीला जुना मोजा चढवायचा,
आधी कडा धरायच्या, मग मध्ये ऊब द्यायची,
सुरकुती आपली आपण निघून जाते.

पण त्याआधी, डाव्या पंखाची जुनी फिल्म सोलली तेव्हा
तूच म्हणालास, इथे काहीतरी लिहिलंय.
चष्मा आणला. पेन्सिल, त्याचंच अक्षर:
"३ फेब्रुवारी. उणे एकतीस.
चौथी बरगडी तीन मिलिमीटर आखूड कापली गेली.
तैमीला सांगू नये."

बावीस हिवाळे, ओन्नी!
बावीस हिवाळे हे विमान डावीकडे कलायचं,
मी ट्रिमला दोन खटके उजवीकडे द्यायचे
आणि पिएलिनेनवरच्या वाऱ्याला शिव्या घालायचे.
तो बाजूला उभा. पाइप ओढत.
हो ना, म्हणायचा, वारा विचित्रच आहे इथला.

नवी कापू का, तू विचारलंस.
फळी होती. ब्लेडही नवंकोरं.
मी बरगडीवर बोट ठेवून बसले जरा वेळ.
मग इस्त्री तापली, आणि तापलेली इस्त्री थांबत नाही.

शनिवारी तळं अजून धरेल.
स्कीच्या पट्ट्यांना मेण लाव.
बॅटरी निघेपर्यंत कोटाच्या आतल्या खिशात.
दोन बोटांवर पंख तोल, पुढच्या कडेपासून तिसऱ्या हिश्शावर.
नाक किंचित झुकलेलं चालेल,
शेपटी जड असेल तर परत पिशवी.
रेडिओची ताकद कमी करून तीस पावलं चालत जा,
मी शेपटीकडे बघत राहीन.
काडी उजवीकडे, तर उजवा फडका वर,
मोठ्याने म्हण, लाजू नकोस, इथे ऐकायला कोण आहे.

दोन खटके उजवीकडे.

आणि मफलर आत खोच.
मागच्या वेळी काडीत तोच अडकला होता,
मी पाहिलं होतं.