बाजूला काढलेलं

दर गुरुवारी, बँक उघडून दहा मिनिटं झाली की
अ‍ॅम्ब्रोज रोबेल माझ्या खिडकीशी येई,
पंचवीस डॉलर मोजून ठेवी
आणि पेन्यांचं एक खोकं मागे.
अडीच हजार पेन्या, सव्वासहा किलो.
आजारी कुत्रं उचलावं तसं ते उचलून
लाग्रेंज स्ट्रीटवरच्या बर्फातून निघून जाई.

टोलेडोत तेव्हा काचेच्या भट्ट्या निवत चालल्या होत्या.
खिडकीशी येणारा जो तो पैसे काढायला येई,
घराचे हप्ते थोपवायला येई, आवाज खाली घेऊन.
हा एकटाच असा, की आणले तितकेच पैसे
फक्त जड करून न्यायचा.
निवडून उरलेली चिल्लर दुसऱ्याच बँकेत भरायचा,
मला पुन्हा मोजावी लागू नये म्हणून.

एकदा रांग नव्हती. विचारलं, काय शोधता?

त्यानं कोटातून औषधाच्या गोळ्यांची डबी काढली,
एक पेनी काउंटरवर ठेवली, पाठ वर करून.
ओंडक्यावर बसलेला तरुण,
हातात पुस्तक,
घण शेजारी.

"दोन हजार नऊ," तो म्हणाला.
"त्या वर्षी लोकांनी गल्ले उलटे केले,
सोफ्याच्या फटींत हात घातले,
जुनीच चिल्लर फिरून बाजारात आली.
नवी कोण मागवणार? टांकसाळीनं हात आखडला.
ही थोडीच पाडली."

थोडी म्हणजे किती?

"ही ओंडक्यावाली? एकेका टांकसाळीत
छत्तीस-सदतीस कोटी."

मी हसले. हसायला नको होतं, पण हसले.
छत्तीस कोटी!
देशातल्या तान्ह्या मुलांनाही एकेक वाटली
तरी उरतील.

"मी दुर्मीळ कुठं म्हटलं, लोरेटा? कमी म्हटलं.
दुर्मीळ शोधायला पैसा लागतो.
कमी शोधायला वेळ लागतो,
आणि तो कंपनीनं मला मार्चपासून
भरपूर दिलाय."

मग जरा खुलला. कोण कोण ठेवतं ते सांगू लागला:
कुणी नातवंडांसाठी,
कुणाला वाटतं भाव चढेल (चढत नाही, तो म्हणाला, फारसा),
कुणाच्या पुठ्ठ्याच्या वहीत एक गोल भोक रिकामं असतं
आणि तेवढ्यापायी झोप लागत नाही.
त्याच वर्षीची दुसरी एक आहे, लाकडी खोपटाची;
ती त्याच्या बायकोला आवडायची.
म्हणायची, हप्ता नसलेलं घर.

आणि तुम्ही?

त्यानं नखानं पेनी माझ्याकडे सरकवली.
"घण बघ," म्हणाला.
"टाकून नाही दिलाय. टेकवून ठेवलाय."

मागे कुणीतरी खाकरलं. तो बाजूला झाला.

नंतर किती गुरुवार गेले मोजले नाहीत.
परवा त्याची मुलगी आली, हलीना,
कॉफीचे दोन डबे ढकलत.
बाबांना टेनेसीला नेतेय, माझ्याकडे,
एक खोली आहे, गाडीत जागा नाही.
मशीनमध्ये ओता. आणि त्यांना बोलू नका.

आमच्या मशीनला साल वाचता येत नाही.
त्याला सगळ्या सारख्या, एकेक सेंट.
डबा कलता केला, पहिली मूठभर खळखळली,
आणि मी तोंडाशी हात आडवा धरला.

एकोणीस डॉलर चाळीस सेंट.
माझ्या पर्समधून दिले, पावती फाडली.
ती नियमात बसते की नाही, कुणाला विचारलं नाही.

आता तर पेनी पाडणंच बंद झालंय.
शेजारीपाजारी बरण्या भरू लागलेत,
कुठली ठेवावी विचारतात मला. मी सांगते,
ज्या वर्षी तुमचं काम गेलं त्या वर्षीची.
त्यांना ती थट्टा वाटते.

डबे घरीच आहेत. वहीबिही काही केली नाही.
स्वयंपाकघराचं मागचं दार वाऱ्यानं आपटतं,
त्याला टेकवून ठेवलेत.