कच्ची नोंद

केसांना तेल नको म्हणून बजावलं होतं,
तरी कस्तुरी उपरी चोपडूनच आली,
वडगावहून, रिक्षातून, सकाळी पावणेआठला.
"तेलाबिगर भायेर कसं पडायचं, बाई?"
स्पिरिटच्या बोळ्यानं भांग भांग पुसत
मी एकवीस जागा शोधल्या.

"डोळे मिटा. कण्णु मुच्चि."
दोन्ही सांगायची जिभेला सवय.
तिनं मिटले, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला
आल्फा लाटा आल्या, सेकंदाला नऊ,
ताण्यावर ओढून बसवल्यासारख्या.

मग कचरा.
पन्नास हर्ट्झची घरघर, भिंतीतली वीज:
एका बटणानं खाली बसवली.
पापणी, समोरच्या दोन तारांवर डोंगराएवढी. काढली.
घाम, रेघेला झोके देणारा. काढला.
हृदयसुद्धा काढलं, सातवा घटक,
डाव्या कानामागे बारीक ठोकत होतं.
(डोक्याचं ऐकायचं तर आधी
काळीज गप्प करावं लागतं,
असं मी नव्या पोरींना सांगते. त्या हसतात.)

अकरावा मात्र कळेना.
सेकंदाला दोन ठोके, दोन्ही कानशिलांवर.
चघळणं म्हणावं, तर तंबाखू
मीच थुंकायला लावलेली.
व्हिडिओ मागे नेला, चेहरा मोठा केला:
डोळे मिटलेले, ओठ बंद,
आणि दाढा हलकेच दाबून, सोडून, दाबून
आत काहीतरी मोजणं चाललेलं.
विचारलं, तर म्हणाली,
"माग बंद पडला, तरी डोस्क्यात चालूलालाय बगा.
दोन म्हैने झाले इकून."

यंत्राला तो जबड्याचा स्नायू.
मलाही तोच. खूण केली, काढला.

तो गेला तशी खाली
डाव्या कानशिलाशी एक अणकुचीदार काटा दिसला,
मागून मंद लाट, पुन्हा काटा.
ठोक्यांच्या आड बसला होता इतका वेळ.
चहाचा कप हातातून का सुटतो,
बोलता बोलता नजर कुठे जाते,
ते एवढंसं.
डॉक्टर कुलगोड म्हणाले, छान साफ केलंय.

संध्याकाळी तारा धुतल्या.
तिचं तेल पेस्टमध्ये कालवून
वाट्यांना चिकटलेलं, दोनदा घासावं लागलं.

रिपोर्टाला साफ नोंद जाते.
कच्ची आम्ही पुसत नाही, इथला नियम आहे.
ती कपाटातल्या ड्राइव्हवर राहते
पापणीसकट, घामासकट,
आणि विकून टाकलेल्या मागावर
सेकंदाला दोन ठोक्यांनी
अजून विणलं जातंय
ते जे काय लुगडं असेल, त्याच्यासकट.