अंगी लागणं

यशोधराचा फ्रॉक दोन वर्षं तोच आहे.
शालन घायवट म्हणते, पोर लई गुणाची बघा ताई,
कापडाला खर्चच नाही.
मी वही उघडते.
गेल्या दिवाळीला एक्याण्णव सेंटिमीटर,
या दिवाळीला ब्याण्णव.
तो एक कदाचित केसांचा असेल.

मानखुर्दच्या नाल्याला पाठ लावून आमची अंगणवाडी,
भिंतीवर मोजपट्टीचा जिराफ,
पाच वर्षांची ही त्याच्या गुडघ्याशीच थांबलेली.
खात नाही का गं ही?
खाते की! तीन चपात्या खाते,
भिंतीचा पोपडा खाते, पाटीवरची पेन्सिल खाते,
रात्री झोपेत दात खाते.
अंगी तेवढं लागत नाही.

सासूनं मीठ-मोहरी उतरवली. ताईत झाला.
मी म्हटलं, जंत.
शालनचा चेहरा असा पडला
जशी मी तिच्या चुलीवर थुंकले.
आमच्यात नाहीत तसले.
मग मीही जरा चढ्या आवाजात बोलले,
अगं, आत पंगत बसलीय रोजची,
आणि यजमानीण उपाशी.

पांढरी गोळी. माझ्यासमोर चावायची.
यशोधरानं ती खडूसारखीच आवडीनं खाल्ली.

तिसऱ्या दिवशी शालन आली,
दारातच उभी राहिली, बायका पांगेपर्यंत.
कानाशी येऊन म्हणाली, पडले.
आणि रडली, जणू तिनंच पाळले होते.

काय सांगू तिला?
हात धुवा. हंडा वीस रुपयांना.
चपला घाला. दोन बहिणींत एक जोड.
संडासात न्या. चाळीस घरांना एक दार,
रात्री त्याला दिवा नाही.
हे सगळं मी दर वेळी सांगते,
सांगताना वहीत बघते.
वहीत रकाना आहे: गोळी दिली, होय किंवा नाही.
नळाला रकाना नाही.

मे महिन्यात शालन तणतणत आली.
फ्रॉक वर गेला हो, गुडघे उघडे पडले,
आता नवा कुठून आणू?
मी हसू दाबलं. नाही दाबता आलं.
जिराफापाशी उभं केलं, टाच टेकव म्हटलं,
चौऱ्याण्णवला जेमतेम डोकं लागलं.
राहिलेली वर्षं काही परत येत नाहीत,
ते मी बोलले नाही.

खिडकीतून नाल्याचा काठ दिसतो.
चार पोरं उकिडवी, अनवाणी,
एक जण काडीनं चिखलात काहीतरी काढतोय.
मी पुढच्या गोळीची तारीख लिहिते
आणि पेनाचं टोपण चावत बसते.