खळगा

दाराशी प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत, पाय फाकलेल्या.
बू हमूद म्हणाला, ही उचला.
बापाच्या वेळी होते तसे बाक हवेत,
सागाचे. खिळा नको.
मी म्हटलं, वेळ लागेल.
तो म्हणाला, कॉफी आहे.

मुहर्रकच्या त्या कॉफीघरात, माळ्यावर,
एकच जुना बाक उरला होता.
वर कबुतरांची शीट, खाली अजून साग.
उलटा केला. कूस खाचेत अशी
की सुरीचं पातं शिरेना.
कडेला पटाशीने कोरलेले आकडे,
एक, दोन, तीन,
आणि चार, आपल्याकडे काढतात तसा.
कोण होता, कुठल्या बंदरात गलबतावर चढला,
विचारायला कुणी नाही.
मी त्याचीच मापं घेतली.

सात आठवडे रंधा. कानात भुसा.
फोनवर कुंदा विचारते, काय करताय तिकडे?
बसायला जागा, म्हणालो.

पहिल्या दिवशी नाखवा मुबारक आला,
नव्वदीला टेकलेला.
बसला, सरकला, परत सरकला.
काठी आपटली : माझा खळगा कुठाय?
सगळे हसले. मीही.

रात्री कुलूप लावायच्या आधी
त्याच्या जागेवर गोल पटाशी फिरवली,
नखाएवढी, मग पॉलिशपेपर, मग तेल.
चाळीस वर्षांचं बसणं असं होत नाही,
ठाऊक आहे. पण माझा व्हिसा
मार्चपर्यंतच.

सकाळी तो बसला. बोलला काही नाही.
कॉफी संपली तरी
फिंजान हलवला नाही,
पुढे धरून राहिला.