पाठीशी

म्हापशाच्या बाजारात, शिंप्याला लागून
इनासमामची फ्रेमांची खोली.
सांत आंतोन, सत्यनारायण, लग्नाची जोडपी,
आणि खिळ्याला एक रिकामी चौकट,
आफ्रिकेतल्या लाकडाची. विकायची नाही.

मामची तरणी वर्षं दाहोमेत गेली, कोतोनूला.
बोटीवरून उतरला तो चढलाच नाही.
"राजधानीचं नाव पोर्तुगीज, राज्य फ्रेंचांचं,
राजवाडा तिसऱ्याच कुणाचा,
आणि खिळे माझे."

साठ साली ते सुटले.
आपण त्यांच्याहून सोळा महिन्यांनी धाकटे.
पहिला अध्यक्ष मामने चार खिळ्यांत बसवला.
तीन वर्षांनी रेडिओवरची गाणी थांबून
लष्करी बँड वाजला.
कचेरीतला शिपाई चौकट घेऊन आला:
माप तेच, माणूस नवा.
पुठ्ठा महाग.
मामने जुन्यालाच नव्याच्या पाठीशी घातला.

पुढे बँड ऐकला की मामचा हात हातोडीकडे जायचा.

मग तिघांनी देश वाटून घेतला, दोन दोन वर्षं,
देवळातल्या पाळ्या वाटाव्यात तसा.
तिघेही आधीचेच, आतच पडलेले.
मामने पहिल्याला चिमट्याने ओढून पुढे घेतला,
ओल लागून त्याचा एक कान गेला होता.
दुसऱ्याला पाच महिने मिळाले.
तिसऱ्यासाठी काच पुसून ठेवली
आणि पुन्हा बँड.

पंच्याहत्तरला देशाचं नावच बदललं.
"माणूस बदलता येतो रे. नावाला कुठे खिळा मारू?"
चौकट काखेत मारून मामने म्हापसा गाठला.

इथे बँड नाही.
इथे रात्री कुणीतरी कुणाकडे जेवायला जातं
आणि सकाळी सरकार नसतं.
पणजीहून ड्रायव्हर उल्हास यायचा, जीप चालूच ठेवून:
"धाला शपथ, नवाला फोटो जाय."
मी तेव्हा काच कापायला शिकत होतो.
मागच्यांचं काय करू, विचारलं.
"असू दे पाठीशी. पुढच्याला ऊब लागते."
एका वर्षी तर चौकट इतकी फुगली
की मागची फळीच बसेना.

मे महिन्यात माम गेला.
सांगून ठेवलं होतं: मला त्या चौकटीत घाल,
आणि माझ्या पाठीशी कुणी नको.

घातला.
फोटो पातळ, चौकट खोल.
रस्त्यावरून कदंब बस गेली
की मामची काच खुळखुळते.