खुलासा

पेठेतल्या वॉर्ड ऑफिसात, तक्रार खिडकीच्या आत
मी अकरा वर्षं बसते.
समोर जाळी, जाळीला सुतळीनं बांधलेलं पेन,
आणि दोन वर्षांपासून भिंतीवर एक तक्ता:
चोवीस तासांत निकाली, शेकडा पंच्याण्णव.
महिन्याला किमान तीनशे.
तक्ता हिरवा असला की साहेब चहा मागवतात.
तांबडा असला तरी चहा येतो,
पण कप वाजवून ठेवतात.

निकाली काढायला कुणी शिकवावं लागत नाही.
उत्तरेश्वरात पाणी रस्त्यावर आलं,
रोजंदारीवरचा पोरगा जातो, चावी दोन आटे पिळतो,
रस्ता वाळतो. फोटो. बंद.
दुपारी वरच्या गल्लीतनं फोन:
"नळाला नुसतं वारं यायलंय ओ!"
ती नवी तक्रार, नवा क्रमांक.
तिथली चावी सोडली की जोर जातो
शुक्रवार पेठेतल्या जुन्या बीडाच्या पाइपवर,
रात्रीत सांधा सुटतो.
तीही नवी. तीही बंद.
एकाच पाण्याच्या एका आठवड्यात
मी एकवीस तक्रारी लिहिल्या
आणि एकवीसच्या एकवीस निकाली काढल्या.
त्या महिन्यात आमच्या वॉर्डाला शाल मिळाली, नारळ मिळाला.
नारळात पाणी होतं.

मेहरुन्निसा बागवान दर सोमवारी यायच्या,
भाजीची पाटी बाहेर कट्ट्यावर ठेवून.
"बाई, तुमच्या कागदावर माझं पाणी सातदा आलंय.
घागरीला तेवढं कळवायचं राहिलंय बघा."
मी हसायचे. हसत हसत आठवा क्रमांक द्यायचे.

हिंदुराव इंगवले, फिटर, निवृत्तीला आठ महिने.
गंगावेशीत दूधकट्ट्यावरच्या म्हशी घरी गेल्या की
हा माणूस रस्त्यावर उकिडवा बसतो,
लोखंडी सळईचं एक टोक डांबरावर, एक कानाला.
तीन रात्री बसला.
चौथ्या दिवशी त्याला मेमो:
तीन पाळ्या, निकाली तक्रारी निरंक.
मेमो मीच टाइप केला, मीच सही घेतली.
सही करताना म्हणाला,
"पाइप एकेकटं नसतंय बाई.
हितं चिमटा काढला की तिकडं वरडतंय.
आन् शड्डू मोजून कुस्ती कुठं कळती व्हय?"

पाचव्या रात्री सापडलं.
तालमीच्या मागं, रस्त्याच्या पोटात,
एक चावी. अर्धवट मिटलेली.
रस्तेवाल्यांनाही तक्ता असतो, एकतीस मार्चचा;
त्यांनी वेळेत डांबर ओतलं होतं, चावीसकट.
त्यांचा रस्ता हिरवा झाला.
तेव्हापासून आम्ही बाकीच्या सगळ्या चाव्या पिळत होतो,
हिच्याभोवती,
जसं घरात एकानं अबोला धरला की
बाकीचे आपसात भांडतात.

डांबर फोडायची परवानगी मागायला सवड नव्हती.
त्यानं पहार घातली.
(दंड झाला. तो वेगळ्या रजिस्टरला आहे.)

मग फोन वाजेना.
पहिल्या दिवशी वाटलं, लाइन मेली असेल.
दुसऱ्या दिवशी मी स्वतःच दुसऱ्या टेबलावरून
फोन लावून बघितला. वाजला.
महिनाअखेर तक्रारी: एकसष्ट.
तीनशेच्या रकान्यात एकसष्ट;
भिंत तांबडी, इतकी तांबडी की
शिपायानंही माझ्याकडे बघायचं टाळलं.
आणि माझ्या नावानं पत्र:
कामगिरीत झालेल्या घसरणीबाबत
तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.

या सोमवारी मेहरुन्निसा आल्या नाहीत.
त्यांच्या न येण्याला
मी कुठला क्रमांक देऊ?
रजिस्टरचे चौदाही रकाने बघितले.

शेवटी लिहिलं: पाणी येत आहे.
साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.
क्षणभर वाटलं, काहीतरी बोलतील.
म्हणाले, "एका ओळीचा खुलासा वर चालत नाही.
निदान अर्धं पान तरी करा."

बसलेय तेव्हापासून.
जाळीबाहेर कुणी नाही.
सुतळीला पेन लोंबतंय,
पंख्यानं जरा हलतंय.