पाय टेकला की एक

घोरपडीच्या फाटकापलीकडे, कुलासोबाईंच्या पडवीत
कोंबड्या तिच्यावर बसायच्या.
सीट म्हणावी अशी सीट नाही, वीतभर चामड्याची पट्टी,
मागे दोन शॉकअ‍ॅब्सॉर्बर, एक गळका, एक हट्टी,
आणि लाल टाकीवर पांढऱ्या शिटांचा नकाशा.

"बेनीच्या भावानं आणली स्पेनहून, बोटीवर होता तो.
तीन खोक्यांतून. वर लिहिलेलं, पाण्याच्या पंपाचे भाग.
म्हणून कागद नाहीत. विचारू नकोस."
मी विचारलं नाही. घासाघीस केली.
बाईंनी ती चालू दिली नाही.

छोट्या हत्तीत दोरांनी बांधून घरी आणली तेव्हा
सोसायटीचे चेअरमन चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले,
"किती पळते?"
ही पळत नाही. ही चढते.
माणसाच्या चालीनं, दगडावरून दगडावर,
आणि चालवणारा सगळा वेळ उभा.
"मग उपयोग काय?"
या प्रश्नाला उत्तर दिलं की मागून दुसरा येतो,
मी साखळी पुसत राहिलो.

टाकीतला गंज चिंचेच्या कोळानं काढला.
आत मूठभर नट टाकून, मांडीवर घेऊन
तीन रात्री बातम्या बघत हलवली.
क्लचच्या प्लेटी ओल्या पापडांसारख्या चिकटलेल्या.
नाना पेठेत म्हणाले, स्पेनचं कुठलं, येझदीचं आहे.
येझदीचंच घेतलं.
इलाही शिकलगारनं लेथवर दीड मिलिमीटर उतरवलं
आणि दोन देशांची सोयरीक जमवली.
पॉइंटचा गॅप तो पत्रिकेच्या तुकड्यानं मापतो,
"जाड नको सर. साध्या लग्नाची द्या."

पायठेवण्या रॉकेलमध्ये बुडवल्या तेव्हा दिसलं,
डावीचे दात झिजून गुळगुळीत,
उजवीचे अजून करवतीसारखे.
शिकलगारनं बोट फिरवलं.
"ह्या माणसाचा उजवा पाय कायम खाली."

वाघोलीपुढं एक बंद खाण आहे, मालक माझा जुना विद्यार्थी.
शिकलगार फक्कीनं वाट आखतो
आणि पोराची जुनी वही घेऊन दगडावर बसतो.
पाय टेकला की एक.
थांबलात, पडलात, पाच.
ज्याचं शून्य तो पहिला.
एकतीस वर्षं दहावीच्या पोरांना गणित शिकवलं,
शून्यासाठी घाम गाळायची ही पहिली वेळ.

टायरात हवा नावापुरती.
रबर कातळावर पसरतं, चाचपतं, धरतं.
थ्रॉटल केसभर. क्लचवर एक बोट.
चाकाकडे बघायचं नाही,
ज्या दगडावर आहोत त्याच्याकडेही नाही.
ठक, ठक, ठक, इंजिन जणू पैसे मोजून देतंय,
घोटे सैल, गुडघे सैल, दात मात्र घट्ट,
पाण्याचं डबकं गेलं, सुरुंगाच्या भोकांची भिंत गेली,
शेवटची पायरी,
अर्धं चाक वर,

पाय गेला.
उजवा.

शिकलगारनं वहीत एक लिहिलं
आणि पेन्सिलीला टोक काढत बसला.

रविवारी, मास सुटल्यावर, गाडी बाईंच्या अंगणात उतरवली.
दुसऱ्या किकला लागली. कोंबड्या कुंपणावर.
बाई धुरात उभ्या राहून हुंगत होत्या,
आमटी लागलीय का बघावं तसं.
"तेल जास्त घालतोस."
पुस्तकात विसाला एक आहे, मी म्हणालो.
"पुस्तक ठेव तुझं. बेनीला मी तिसाला एक द्यायचे. ह्यातून."
आणि आतून अ‍ॅल्युमिनियमचा पेला घेऊन आल्या,
कडेच्या खाली खिळ्यानं ओढलेली रेघ.

"टेकतो का पाय?"
टेकतो.
"कुठला?"
मी सांगितला.

बाईंनी पेला पदराच्या टोकानं पुसला, माझ्या हातात दिला.
"घरी येऊन रोज शून्य सांगायचा," म्हणाल्या.
"बुटाचा चिखल मीच खरवडायचे."